हाय बाय मामा बघताय का कोणी? त्यातल्या दुसऱ्या बायकोचं काय?

चांदणी३४:

नमस्कार मंडळी. तीन वर्षं वाचनमात्र आहे इथे, पहिलाच धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

तर झालं असं की ऑफिसातली मैत्रीण हात धुवून मागे लागली होती, 'हाय बाय, मामा' ही कोरियन मालिका बघ, तुझ्यासाठीच आहे म्हणून. (आईने टीव्हीवर नाव वाचलं आणि विचारलं हा कुठला मामा गं. इथे मामा म्हणजे आई असं सांगितल्यावर म्हणाली, मग आईला बाय कशाला करतायत.) आठ भाग झालेत आणि आता पुढे बघायचा धीर होत नाहीये.

ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. छा युरी नावाची बाई गरोदर असताना अपघातात जाते, पोटातली मुलगी वाचते. युरी भूत होऊन पाच वर्षं त्या लेकीच्या, म्हणजे सोवूच्या, आसपास घुटमळते. मधल्या काळात नवऱ्याने, गांगह्वाने, दुसरं लग्न केलंय. मग एक दिवस युरी अचानक हाडामांसाची होते आणि तिला ४९ दिवस मिळतात, तेवढ्यात आपली जागा परत मिळवली तर जिवंत राहता येईल. सगळे युरीसाठी रडतात, मीपण रडले, पण माझं सगळं लक्ष मिनजंगवर, म्हणजे दुसऱ्या बायकोवर. ती बिचारी सोवूचा डबा, सोवूची शाळा, सोवूचा ताप हे सगळं बघते आणि शाळेतल्या बायका म्हणतात ही घुमी आहे, शिष्ट आहे. आणि त्याच शाळेच्या स्वयंपाकघरात युरी कामाला लागते, मिनजंगला काहीच माहीत नाही आणि ती हिच्याशी मैत्री करतेय!

आता खरं कारण सांगते. माझं दिवाळीनंतर रजिस्टर लग्न आहे. त्याची बायको चार वर्षांपूर्वी आजारपणात गेली, मुलगी साडेपाच वर्षांची आहे. मी बिजवराला होकार दिलाय असं मावशी म्हणाली तेव्हा मला आधी बिजागरी ऐकू आलं. माणूस चांगला आहे, मुलगी तर फारच गोड, पण पहिल्या बायकोबद्दल तो बोलतच नाही, एक अक्षर नाही. हॉलमध्ये हार घातलेला मोठा फोटो आहे आणि सगळे त्याच्याकडे न बघता बोलतात. पितृपक्षात अविधवा नवमीला त्यांच्याकडे तिच्या नावाने सवाष्ण जेवते, तर त्या दिवशी मला बोलवायचं की नाही यावर दोन्ही घरांत फोनाफोनी झाली, कारण मी अजून सवाष्ण नाही आणि पुढच्या वर्षी असेन तेव्हा त्या ताटावर मीच बसायचं का, हा एक यक्षप्रश्न.

तर विचारायचंय ते हे, की पुढे बघू का? मिनजंगचं काय होतं? स्पॉयलर चालतील, बिनधास्त द्या. आणि माझ्यासारखं कोणी असेल तर तेही लिहा.

कोथिंबीरवडी:

अगं बघ बघ बघ!! मी ही लॉकडाऊनच्या सुमारास बघितली, फेब्रुवारी ते एप्रिल २०२०, तिकडे टीव्हीएन वाहिनीवर शनिवार-रविवार भाग यायचे आणि इकडे मी भांडी घासत सोमवारची वाट बघायचे. एकूण १६ भाग आहेत, तू अर्ध्यावर आलीयेस, आता काय सोडतेस. पण माझ्यासाठी ही मालिका नवराबायकोची नाहीच, ती युरीच्या आईची आहे. किम मी-ग्यंग ती. ती बाई जिच्या जिच्या आईचं काम करते ती ती मुलगी आपली बहीण वाटायला लागते. याच लेखिकेच्या आधीच्या 'गो बॅक कपल'मध्येही नायिकेची आई तीच होती. तिचा जन्म १९६३ चा आणि युरी झालेल्या किम ते-हीचा १९८० चा, म्हणजे सतराच वर्षांचं अंतर, पण मुलीला परत बघते तेव्हाचा तिचा चेहरा बघ आणि मग मला सांग.

अवांतर: सोवूचं काम करणारं पोर मुलगा आहे, माहितीये का. मुलीचं काम मुलाने केलंय. मला हे नंतर कळलं आणि मी परत सगळं त्याच नजरेने बघितलं.

बंड्या_रिमोटवाला:

बायकोच्या नादाने बघितली, कबूल करतो. पण नायक म्हणजे कहर आहे. डॉक्टर आहे, छातीची ऑपरेशनं करणारा, बायको गेल्यापासून ऑपरेशन थिएटरमध्ये पाय ठेवता येत नाही, इथपर्यंत पटलं. पण मेलेली बायको समोर उभी राहिल्यावर हा गडी सगळ्यांपासून सगळंच लपवतो. हिला सांगू की तिला सांगू करत नुसता घामाघूम. अरे बोल ना बाबा. एका चहाच्या कपात मिटलं असतं ते सोळा भाग चाललं. नट उत्तम आहे हो, 'प्रिझन प्लेबुक' मालिकेत त्याने तो नशेबाज कैदी काय केला होता, म्हणून तर जास्त चिडचिड झाली.

चांदणीताई, तुमचा माणूस बोलत नाही म्हणालात ना. त्यालाच दाखवा आधी ही मालिका. शिक्षा म्हणून.

कोथिंबीरवडी:

@बंड्या, एका चहाच्या कपात काय सांगणार, "अगं ऐक, पहिली आलीये, साखर किती घालू"?

जुनं_पान:

बंड्याशेठचा मुद्दा बरोबर आहे पण थोडं तिकडचं बघितलं तर ४९ चं गणित कळतं. कोरियन बौद्धांमध्ये माणूस गेल्यावर दर सातव्या दिवशी असा सात वेळा विधी करतात, सात सत्ते एकोणपन्नास, तोवर आत्मा मधल्या वाटेवर असतो आणि ४९ व्या दिवशी पुढचा जन्म ठरतो अशी समजूत. आपल्या दहाव्या-तेराव्याच्या जवळचंच प्रकरण. म्हणजे युरीला मिळालेले दिवस हे खरंतर घरच्यांनी तिला निरोप द्यायचे दिवस आहेत, पाच वर्षं उशिरा. ज्याने निरोप दिलाच नाही तो गांगह्वा म्हणून घामाघूम. माझं असं वाचन आहे, नसेल पटत तर सोडून द्या.

आता थोडं अवांतर, सवय जात नाही. या मालिकेत पुरुषाने दुसरं लग्न केलंय म्हणून कोणाला काही खटकत नाही. बाई असती तर? कोरियातल्या जोसन राजवटीत पंधराव्या शतकापासून असा कायदा होता की विधवेने परत लग्न केलं तर तिच्या मुलांना सरकारी नोकरीच्या परीक्षेला बसता यायचं नाही. म्हणजे बाईला थेट बंदी नाही, पोरांच्या पोटावर पाय. नवऱ्यामागे एकनिष्ठ राहिलेल्या बायकांच्या नावाने गावात कमानी उभारायचे. विधवांना लग्नाची मोकळीक मिळाली ती तिकडच्या सरकारने केलेल्या १८९४ च्या गाबो सुधारणांमध्ये. आणि आपल्याकडे कायदा १८५६ चा असला तरी अण्णासाहेब कर्व्यांनी विधवा गोदूबाईंशी लग्न केलं ते १८९३ साली, आणि गावाने, मुरुडने, वाळीत टाकलं. एका वर्षाचा फरक. दोघांचाही एकमेकांशी काडीचा संबंध नाही, पण मला गंमत वाटते.

कर्वेसुद्धा बिजवरच होते बरं का.

बंड्या_रिमोटवाला:

पान साहेबांनी कोरियातून मुरुडला आणून सोडलं. दंडवत.

निमाकाकू:

चांदणी, हा धागा दोन दिवस वाचतेय, लिहू की नको करत होते. माझ्या लग्नाला सोळा वर्षं झाली आणि मी मिनजंग आहे. मुलगी तेव्हा सहा वर्षांची, आता बाहेरगावी शिकायला आहे.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मिनजंगला सगळं कळतं आणि ती काही आकांडतांडव करत नाही. शेवटी युरी स्वतःच जाते, कारण ती राहिली तर सोवूला जन्मभर भुतं दिसत राहणार, आणि दुसरं म्हणजे तिने आठ-दहा भाग स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं असतं की पोरीची आई कोण झालीये ते. लोकांना हा शेवट आवडला नाही, बऱ्याच जणी चिडल्या की एवढं करून मारलंच ना. मला पटला. माझी तक्रार वेगळी आहे. गांगह्वा आणि मिनजंग एकमेकांच्या प्रेमात कसे पडले, हे दोघं नक्की काय बघून एकत्र आले, हे मालिका अगदी तुकड्या-तुकड्यात, घाईघाईत उरकते. युरी-गांगह्वाची पहिली भेट, पहिलं भांडण, बर्फ, सगळं साग्रसंगीत. आणि जी बाई उद्ध्वस्त माणसाच्या आणि त्याच्या लहानग्या पोरीच्या घरात शिरली तिच्या वाट्याला दोन-चार आठवणी. खरी प्रेमकथा तीच होती असं माझं मत आहे. पहिलं प्रेम काय, विशीत कोणालाही होतं.

एक मात्र त्यांनी बरोबर पकडलंय. तिकडे बाईला मुलाच्या नावाने हाक मारतात, सोवू ऑम्मा, म्हणजे सोवूची आई, जसं आपल्याकडे वाड्यात पिंट्याची आई म्हणायचे. आता विचार कर, दोन बायका शाळेच्या दारात उभ्या आहेत आणि कोणीतरी मागून सोवूची आई अशी हाक मारली. वळायचं कोणी?

आता माझं. मी घरात आले तेव्हा ओट्यावरच्या फळीवर सगळ्या बरण्यांना पहिलीच्या अक्षरातल्या पट्ट्या होत्या. गोडा मसाला, मेतकूट, लाल तिखट (कमी), अशा. कंसातलं कमीसुद्धा तिनेच लिहिलेलं. सासूबाई म्हणाल्या नवीन बरण्या आण हवं तर, आम्ही काही म्हणणार नाही. मी नाही आणल्या, मोठेपणा वगैरे नाही, बरण्या चांगल्या होत्या आणि मला कुठे काय ते लगेच कळायचं. पहिले सहा महिने मी त्या घरात तिच्याच सांगण्यावरून स्वयंपाक केला म्हण ना. मुलगी माझ्याशी धड बोलायची नाही, पोळी ताटात उलटी करून ठेवायची, का ते मला आजतागायत कळलेलं नाही. मग वर्षभराने कधीतरी मेतकुटाच्या पट्टीवरची शाई पुसट झाली, ओल्या हाताने पुसून पुसून. एक दिवस बघते तर पोरीने निळ्या पेनाने त्यावरूनच गिरवलेलं, अगदी तिच्याच वळणाने, आणि त्या शेजारी एक नवीन बरणी होती माझ्या माहेरच्या कुळथाच्या पिठाची, तिला पट्टीच नव्हती, तर तिने वहीचं पान फाडून डकवलं होतं, कुळीथ (निमाचं). निमाचं! काकू नाही आई नाही. मी ओट्यापाशी उभी राहून किती वेळ रडले ते माझं मला माहीत.

आमच्या पणजीच्या गळ्यात सवतीचा टाक होता, चांदीचा, मेलेल्या सवतीने त्रास देऊ नये म्हणून दुसरेपणावरच्या बायका घालायच्या. लहानपणी मला वाटायचं कसली ही भीती. आता वाटतं पणजीला निदान तिच्याशी बोलायला काहीतरी होतं. तुझ्याकडे सगळे फोटोकडे न बघता बोलतात म्हणालीस ना, तिथे मला काळजी वाटली बाई, ताटावर कोण बसणार त्याची नाही. तू विचार त्याला. ती चिडायची का, तिला काय आवडायचं, झोपताना पोरीला काय म्हणायची. तो नाही बोलला तर पोरीला विचारू नकोस, तिला काही आठवत नसेल आणि ते तिला टोचेल. त्याच्या आईला विचार.

कोथिंबीरवडी:

काकू +१००. कुळीथ (निमाचं) वाचून मी ऑफिसात डोळे पुसतेय आणि बॉस समोर उभा आहे.

मध्यरात्रीचा_प्रवासी:

माझे दोन पैसे. मी विधुर आहे, वय ५१, लग्नाचं अजून काही नाही. हाय बाय मामा मला चार भागांपलीकडे झेपली नाही, लहान मूल दिसलं की बंद करतो. त्यापेक्षा 'शुड वी किस फर्स्ट' बघा, २०१८ ची, एसबीएस वाहिनीची, तीही कोरियनच. पन्नाशीच्या आसपासची दोन माणसं, तिची मुलगी गेलेली, घटस्फोट झालेला, विमानात नोकरी, डोक्यावर कर्ज. तो जाहिरातवाला, आजारी. दोघंही थकलेली आहेत आणि एकमेकांशी थकल्यासारखंच बोलतात, ते मला खरं वाटलं. शेवटाकडे रडारड वाढते पण चालतं. बर्फात पळणारी तरुण मंडळी हवी असतील तर जुनी 'विंटर सोनाटा' आहेच, २००२ ची, जिने जपानातल्या बायकांना वेड लावलं होतं.

निमाकाकूंचं वाचलं. कोणी विचारलं तर मी सांगेन हो. पण कोणी विचारतच नाही, सगळे विषय बदलतात, आणि मग आपणही बदलतो. चांदणीताईंचा माणूस कदाचित त्याच रांगेत असेल.

चांदणी३४:

सगळ्यांचे खूप आभार. निमाकाकू तुम्हाला व्यनि (खाजगी निरोप) केलाय. प्रवासी दादा, तुमचा प्रतिसाद मी त्याला जसाच्या तसा पाठवला, राग मानू नका.

शनिवारी त्यांच्याकडे गेले होते. काय बोलायचं हे घरून पाठ करून गेले होते आणि तिथे सगळं विसरले. शेवटी फोटोसमोर उभी राहिले आणि म्हणाले, हा हार प्लॅस्टिकचा आहे का? तो म्हणाला हो, खरा सुकतो ना म्हणून. मी म्हटलं धूळ किती बसलीये. मग तो उठला, स्टूल आणलं, हार काढला आणि बेसिनमध्ये धुवायला घेतला, भांड्यांचा साबण लावून, आणि धुता धुता मान वर न करता म्हणाला, तिला खोटी फुलं अजिबात चालायची नाहीत, आमचं पहिलं भांडण त्यावरून झालं होतं. मग अर्धा तास बोलत होता. नळ चालूच होता, सासूबाई येऊन बंद करून गेल्या.

नवव्या भागाला आजपासून सुरुवात करते.

बंड्या_रिमोटवाला:

आणि हार? परत लावला का?

चांदणी३४:

नाही. वाळत घातलाय गॅलरीत, कपड्यांच्या दोरीवर. खालच्या काकूंनी विचारलं म्हणे कोणाकडे लग्न आहे.