नाइलाज आणि कला

'बायकांना रंगमंचावर बंदी होती म्हणून नाइलाजाने पुरुष स्त्रीभूमिका करत' हे म्हणणं मला निम्मंच पटतं. जपानात १६२९ मध्ये काबुकी या पारंपरिक नाट्यप्रकारातून स्त्रियांना हटवलं, पण बंदी गेल्यावरही ओन्नागाता, म्हणजे स्त्रीभूमिका करणारे पुरुष नट, टिकलेच. इंग्लंडात मात्र १६६० नंतर नट्या आल्या आणि स्त्रीभूमिका करणारी मुलं मागे पडली.

बालगंधर्वांच्या साडीची, दागिन्यांची ढब तर घरंदाज बायका उचलत. बाईने कसं नटावं हे पुरुषाकडून शिकायचं! कौतुक आहेच, पण थोडं खटकतंही.

आजच्या विनोदी स्किटमधला साडीवाला बाप्या मात्र कृपया या परंपरेत घुसवू नका. ओन्नागाता खांदे मागे-खाली ओढतो, गुडघे जुळवतो, पावलं आत वळवतो, अंग लहान करतो. स्किटवाला नुसता गिरकी मारून पदर उडवतो.