वॅगन-आरचा डावा आरसा तुटला, कबाडात मोटरवाला मिळतोय. घ्यावा का?

पांदणरस्ता (आर्णी, जि. यवतमाळ)
जुनी वॅगन-आर, आतल्या दांडीने फिरणारे आरसे. पांदणीत पऱ्हाटीच्या ट्रॉलीला बाजू देताना डावा आरसा बाभळीला लागला. काच फुटली, मागच्या टोपीचे तीन तुकडे झाले, दांडीच्या तीन तारांपैकी एक तुटली. दारावर बसतो तो पाया साबूत आहे, घडी करताना अजून 'कट' आवाज येऊन थांबतो. यवतमाळात कबाड्याकडे याच मॉडेलचा डावा आरसा आहे, काच चांगली, पण मोटरवाला. तीन वायरी कापलेल्या लोंबत आहेत. ४०० सांगतो. पूर्ण बसवू, की माझ्याच पायावर त्याची काच-टोपी चढवू? आणि काच फेविक्विकने चिकटेल का?

तारजोड
घ्या, पण पैसे देण्याआधी तिथेच तीन गोष्टी पाहा.

१. घडीचा सांधा. आरसा दोन-चारदा दुमडून सोडा. मधेच ढिला वाटला तर आतली स्प्रिंग बसली आहे किंवा तिचा खाचा झिजला आहे. असा आरसा ६०च्या वेगाला थरथरतो. त्यावर इलाज नाही, सोडून द्या.

२. काच बाहेरगोल आहे का. स्टीलची पट्टी उभ्या कडेवर धरून काचेवर टेकवा. मधे टेकून दोन्ही टोकांना फट दिसली तर बाहेरगोल. कबाडात कोणीतरी घरच्या आरशाची सपाट काच कापून बसवलेली असते. डाव्या बाजूला सपाट काच म्हणजे अर्धा रस्ता दिसणारच नाही.

३. मोटर. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी खिशात न्या. तीन वायरींत एक सामाईक, बाकी दोन मोटरींच्या. दोन-दोन वायरींच्या तीनच जोड्या होतात. एका जोडीवर काच वर-खाली, दुसरीवर डावी-उजवी. तिसऱ्या जोडीवर हळू आणि तिरकी चालते, कारण तेव्हा दोन्ही मोटरी एकामागे एक जोडल्या जातात. ती जोडी सोडून उरलेली वायर सामाईक. बॅटरी उलटी धरली की दिशा उलटते. शेवटाला 'कट-कट' वाजणं बिघाड नाही, घसरणारा क्लच असतो.

बसवताना आतला त्रिकोणी झाकणतुकडा वरच्या कडेने ओढून काढा. मागे तीन स्क्रू किंवा १० एमएमचे नट असतात. त्याआधी दाराच्या भोकात कापड कोंबा, नट आत पडला की पूर्ण दारपॅड उघडावं लागतं. शेवटचा नट काढताना आरसा बाहेरून धरून ठेवा, नाहीतर तो वायरीवर किंवा तारांवर लोंबतो.

मोटरसाठी स्विचही त्याच गाडीचा, प्लगसकट मागा. पुरवठा किल्ली फिरवल्यावर चालू होणाऱ्या लाइनवरून घ्या, मधे ५ अँपिअरचा फ्यूज टाका. वायर दाराच्या रबरी नळीतूनच गाडीत न्या, बाहेरून नेली तर दाराच्या कडेत चिरडते. आणि एवढा खटाटोप नको असेल तर? बॅटरीने काच एकदा तुमच्या नजरेला लावा आणि तिन्ही टोकं वेगवेगळी टेप करून आत ठेवा. लागलंच तर काच तळव्याने हळू दाबूनही सरकते. गाडी एकच जण चालवत असेल तर मी हेच सांगीन. दांडीचं भोक राहील, त्याला रबरी बूच.

भंगारभाऊ
भाऊ, फेविक्विक लावू नोका! एक तर ते कडक होते, खड्ड्यात काच हादरली का सुटते. दुसरं, त्याची वाफ काचेवर पांढरी जमते. ग्लूगनची कांडी बी नाही, आपल्याकडच्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीवर थे नरम पडते.

सिलिकॉन घ्या, पण न्यूट्रल. ट्यूब उघडली का व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर थे वापस ठेवा, त्यातलं आम्ल आरशामागचा पारा खाते, काही महिन्यांत काळे डाग येतात. मागची प्लेट ब्लेडनं खरवडा, स्पिरिटनं पुसा. थिनर नको, प्लास्टिक विरघळते. सिलिकॉनच्या चार-पाच बारीक रेघा ओढा, पूर्ण लिंपू नोका. उन्हात प्लास्टिक काचेपेक्षा जास्त फुगते, रेघांमधी त्याले जागा राहते. काच वरच्या बाजूनं करून टेपनं बांधा, २४ तास तसंच राहू द्या.

काच कापाचीच वेळ आली तर कागदाचा साचा काढून चहूकडून १ एमएम लहान कापा. कटर काचेच्या बाजूनं चालवा, पाऱ्याच्या बाजूनं नाही. कडा २२०च्या पाणीकागदानं ओल्या घासा, मंग कडेले नेलपॉलिश फिरवा, म्हणजे पाणी पाऱ्यात शिरत नाही.

साचेगिरी
टोपीबद्दल. आतल्या बाजूला प्लास्टिकचं नाव छापलेलं असतं. एबीएस असेल तर जुळते, पीपी असेल तर साधा डिंक टिकत नाही. छाप सापडला नाही तर आतून अॅसिटोनचा एक थेंब टाका. चिकट झालं तर एबीएस. त्याच तुटक्या टोपीचे बारीक चुरे काचेच्या बाटलीत अॅसिटोनमध्ये रात्रभर भिजवा, गूळपाकासारखं दाट हवं. तुकडे बाहेरून टेपने जुळवा, चिरेवर आतून खिडकीच्या अॅल्युमिनियम जाळीची पट्टी ठेवून त्यावर हे भरा. बाहेर एक थेंबही नको, रंग उठतो. एक दिवस सुकू द्या. विस्तवाजवळ आणि बंद खोलीत हे करू नका.
पण कबाडातली टोपी साबूत असेल तर हा उद्योग कशाला? क्लिपा मोजून घ्या, फक्त.

पांदणरस्ता
आणला. ३०० मधे दिला. डावी-उजवी फिरते, वर-खालीच्या जोडीवर मोटर नुसती घरघरते, काच हलत नाही.

तारजोड
मोटर जिवंत आहे. काचेच्या प्लेटमागच्या वाट्या मोटरने आत-बाहेर होणाऱ्या आटेदार दांड्यांच्या गोळ्यांवर बसतात, त्यातली एक निसटली असेल, किंवा दांडी आट्यांमधून पार बाहेर आली असेल. आधी काचेची खालची कड बाहेर येईल अशी वरून दाबा, त्या फटीत प्लास्टिकची पट्टी घालून काच उचका. थंडीच्या सकाळी करू नका, क्लिपा मोडतात. हेअर ड्रायरने कोमट केली तर बरं. मग दांडी आत जाईल त्या दिशेने बॅटरी लावा आणि बोटाने दांडी दाबून धरा, आटे पकडतील. अर्धी आत गेली की थांबवा आणि काच मधोमध तळव्याने दाबून बसवा, टक् असा आवाज येतो. दाबूनही आटे पकडत नसतील तर दात गेले. मग त्या दिशेला हाताने लावा, मोटर काढत बसू नका.