वस्ती बदलते तेव्हा नेमके महाग काय होते : घर की जागा?

जुनी_पायरी (प्रश्न)

मी राहते ती वस्ती गेल्या सात-आठ वर्षांत ओळखू येऊ नये इतकी बदलली आहे. दोन-तीन मजली जुन्या इमारतींच्या जागी उंच मनोरे उभे राहिले आहेत आणि शेजारी कोण राहायला आले याआधी दर किती चालू आहे हे विचारले जाते. मी भाडेकरू आहे. करार नव्याने करताना घरमालक दर वेळी 'बाजारभाव वाढला' हे एकच कारण सांगतात. या काळात घराला रंगाचा एक हातही लागलेला नाही आणि स्वयंपाकघरातला नळ गळतो तो गळतोच. ज्या घरात काहीच सुधारले नाही, ते महाग कशामुळे झाले? शिवाय नव्या इमारतींमुळे दर वाढले, की दर वाढणार हे दिसल्यामुळे इमारती आल्या? पुढील वर्षी याच भागात कर्ज काढून छोटे घर घ्यावे की इथून निघावे, हे मला ठरवायचे आहे. 'सगळीकडे असेच चालते' एवढ्यावर कृपया बोळवण करू नये.

मोजपट्टी

तुमच्या गळक्या नळातच निम्मे उत्तर आहे. घर ही बांधलेली वस्तू असून ती दरवर्षी झिजते. महाग होते ती तिच्या खालची जमीन, आणि जमिनीची किंमत तिच्या मालकाने काय केले यापेक्षा तिच्या आजूबाजूला इतरांनी काय केले यावर ठरते. भूगोलाचे अभ्यासक नील स्मिथ यांनी 1979 मध्ये याची जी मांडणी केली, ती मला आजही सर्वांत पटते. जमिनीतून आज मिळणारे उत्पन्न आणि तिचा वापर बदलल्यास मिळू शकणारे उत्पन्न यांत अंतर असते. जुन्या वस्तीत दुरुस्ती टाळली जाते, इमारती खंगतात, त्यामुळे पहिला आकडा खाली राहतो. शहर वाढत असल्याने दुसरा वर चढत जातो. हे अंतर पुरेसे रुंदावले की भांडवल आत शिरते. म्हणजे तुमच्या घराची आबाळ आणि परिसराचा चकचकाट या परस्परविरोधी गोष्टी नाहीत. पाडायच्या इमारतीचा नळ कोण बदलणार?

आधी काय आणि मग काय, याबद्दल न्यूयॉर्कमधील हाय लाइनचे उदाहरण बोलके आहे. वापरात नसलेल्या उंचावरील रेल्वेमार्गावर साकारलेल्या या उद्यानाचा पहिला टप्पा 2009 मध्ये खुला झाला, परंतु त्याभोवतीच्या भागातील बांधकामाचे नियम 2005 मध्येच बदलण्यात आले होते. नियम बदलला की जमिनीची कमाल कमाई बदलते आणि किंमत तेव्हाच हलू लागते. इमारत दिसते ती नंतर. जुन्या वस्तीत पैसेवाले येऊन मूळचे रहिवासी बाहेर ढकलले जातात, त्याला 'जेंट्रिफिकेशन' म्हणतात. हा शब्द समाजशास्त्रज्ञ रूथ ग्लास यांनी 1964 मध्ये लंडनमधील कामगार वस्त्यांसंबंधी लिहिताना वापरला. जेंट्री म्हणजे तिथला खानदानी जमीनदार वर्ग. शब्दातला टोमणा नकळत आलेला नसावा.

विटांचा_हिशेब

वरील मांडणी बरोबर असली तरी तिच्यावरून 'नवे मनोरे नकोत' असा निष्कर्ष काढण्याची घाई होते, म्हणून लिहितो. अमेरिकी शहरांतील कमी उत्पन्नाच्या भागांत उभ्या राहिलेल्या मोठ्या नव्या इमारतींचा अभ्यास ॲस्क्विथ, मास्ट आणि रीड या अर्थतज्ज्ञांनी केला आहे. इमारत झाली नसती तर जे भाडे असते, त्यापेक्षा लगतच्या घरांचे भाडे सुमारे 6 टक्क्यांनी कमी राहिले, असे त्यांना आढळले. पैसेवाले येणारच असतील, तर ते नव्या इमारतीत गेल्याने जुन्या घरावरील त्यांचा डोळा थोडा कमी होतो.

भाडेनियंत्रणाकडेही भाबडेपणाने पाहू नये. सॅन फ्रान्सिस्कोने 1994 मध्ये 1980 पूर्वीच्या लहान इमारतींना भाडेनियंत्रण लागू केले. राहत्या भाडेकरूंना त्याचा खरोखर आधार मिळाला आणि ते जागेवर टिकले. मात्र अशा इमारतींच्या मालकांनी भाड्याने द्यायची घरे 15 टक्क्यांनी घटवली आणि शहरभरातील भाडी सुमारे 5 टक्क्यांनी चढली. आत असलेल्याचे भले झाले, दारात उभ्या असलेल्याचे नुकसान झाले.

जुनी_पायरी

6 टक्के कमी म्हणजे 'कमी वाढले' असेच ना? मला द्यावे लागणारे भाडे त्यामुळे उतरत नाही. आणि मी आत आहे की दारात, हे दर करारागणिक ठरते.

विटांचा_हिशेब

मान्य. सरासरीचा आकडा एका भाडेकरूच्या हातात पडत नाही, आणि हा परिणाम तुमच्या इमारतीला पाडण्यापासूनही वाचवत नाही.

उंबरठा_ओलांडताना

मी अशाच एका भागात जुन्या घराची मालक आहे. सर्वांना वाटते की माझी चंगळ आहे, पण घर विकल्याशिवाय ती किंमत कागदावरच राहते आणि मालमत्ता कर मात्र रोख भरावा लागतो. या अडचणीवर कॅलिफोर्नियाने 1978 मध्ये काढलेला उपाय टोकाचा होता : मालकी बदलेपर्यंत घराचे करासाठीचे मूल्य वर्षाला 2 टक्क्यांहून अधिक वाढवायचे नाही. त्यात गरजू म्हातारीइतकाच धनाढ्य मालकही सुटतो. फिलाडेल्फियाने दहा वर्षांहून अधिक काळ स्वतः त्या घरात राहणाऱ्या आणि उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्यांनाच सवलत देण्याची योजना आखली; ती मला अधिक न्याय्य वाटते.

मूळ दुखणे जमिनीचे असेल, तर तिलाच बाजारातून बाजूला काढणारा सामुदायिक भू-न्यासाचा प्रयोग पाहण्यासारखा आहे. अमेरिकेतील बर्लिंग्टन शहरात तो 1984 पासून चालू आहे. जमीन न्यासाची राहते, घर कुटुंबाच्या मालकीचे असते आणि विकताना वाढलेल्या किमतीचा केवळ चौथा हिस्सा कुटुंबाला मिळतो, त्यामुळे पुढच्या कुटुंबालाही ते घर परवडते. जो असे घर घेतो त्याने श्रीमंत होण्याची आशा सोडून स्थैर्य निवडलेले असते.

तुमच्यापुरते बोलायचे तर, आजच्या दरात पुढच्या वाढीची अपेक्षा आधीच मिसळलेली आहे, म्हणून 'भाव वाढेल' या भरवशावर घर घेऊ नका. भाव दहा वर्षे जिथल्या तिथे राहिला तरी हप्ता झेपेल का, एवढेच पाहा. आणि निर्णयाआधी तुमच्या रस्त्यासाठी बांधकामाचे नियम बदलण्याचा प्रस्ताव आहे का, याची नगर नियोजन कार्यालयात चौकशी करा. मनोऱ्याचा पाया खणला जाण्याच्या कितीतरी आधी तो कागद तिथे येऊन पडलेला असतो.