जोड बरोबरीची राहिली का? मैदानातली कुस्ती आणि सुईची ताकद

मातीतला, खानापूर तालुका

पंधरा दिवसांपूर्वी तालमीतला मातीचा हौद उकरत होतो. माती वरचेवर उलटीपालटी केली नाही तर घट्ट बसते आणि पोरांची पाठ सोलून निघते. ताक, तेल, हळद टाकून फावडं मारत होतो, तेवढ्यात भिंतीकडेला काच वाजली. बोटाएवढी बाटली, वर रबरी बूच. लेबल ओलीनं सुटलं होतं, तरी मेफेंटरमिन हे नाव लागत होतं, रक्तदाब चढवायचं इंजेक्शन. बुचावर सुईची भोकं मोजली, नऊ होती.

पोरं अनवाणी लोळतात त्या मातीत काच, हा राग आधी आला. दुसरा नंतर.

बाटली कुणाची ते कळायला वेळ लागला नाही. एकोणीस वर्षांचं पोर आहे, बाप ऊसतोडीला जातो. पहाटे चारला येऊन पाचशे जोर, हजार बैठका मारणारं. ओरडलो नाही. बाजूला घेऊन विचारलं, तर म्हणाला, "मामा, समोरचा मारून येतोय. मी नुसतं दूध पिऊन उतरू काय?"

त्या दिवशी मला उत्तर देता आलं नाही, म्हणून इथं मांडतोय.

आपल्या भागातलं मैदान जोडीवर चालतं. बहुतेक ठिकाणी वजनकाटा नसतो. वस्ताद पोरं उभी करतात, पंच दंड-मांड्या बघतात, मागच्या कुस्त्या आठवतात आणि म्हणतात, "बरोबरीची हाय, लावा." त्या एका शब्दावर नारळाची कुस्ती लागते आणि मोठ्या इनामाचीही. येळ्ळूरच्या मैदानात किंवा बेळगावच्या आनंदवाडी आखाड्यात बसलेली जुनी माणसं नूर कुस्ती, म्हणजे आधीच ठरवून केलेली खोटी कुस्ती, दोन मिनिटांत ओळखतात, शिट्ट्या घालून पैलवानांना उठवायला लावतात. मग एकाच्या अंगात औषध असलं तर ती जोडही खोटीच की. ती डोळ्याला दिसत नाही, म्हणून आपण गप्प बसतोय.

माझी मागणी अशी: यात्रा कमिट्यांनी जोडी लावतानाच औषधबंदी जाहीर करावी आणि पहिल्या पाच कुस्त्यांच्या पैलवानांची लघवी तपासावी. दोषी सापडला तर इनाम परत.

लोखंड, वडगाव

मामा, काचेचा राग बरोबर आहे. बाकीचं पटत नाही.

मी बारा वर्षं जिम चालवतोय. बरोबरी म्हणताय ती होती कधी? एका घरात दोन म्हशी, बदाम घोटायला माणूस, तूप डब्यानं. दुसऱ्या घरात रेशनचा तांदूळ आणि आमटी. हे दोघं समोरासमोर उभे केले तर कुणाला अन्याय दिसत नाही. गरिबाच्या पोरानं कमी पैशात ताकद विकत घेतली की मात्र सगळ्यांना नीतिमत्ता आठवते. खुराकसुद्धा बाहेरून आत घातलेलाच असतो.

आणि यादी कोण ठरवतं? २००३ संपेपर्यंत कॅफिन बंदीच्या यादीत होतं, ठरल्यापेक्षा जास्त सापडलं की खेळाडू दोषी. २००४ च्या जानेवारीत ते काढलं. एका रात्रीत गुन्हा नाहीसा झाला. फिनलंडचा बर्फावरचा शर्यतपटू एरो मॅन्टिरांटा घ्या. सात ऑलिंपिक पदकं, त्यातली दोन सुवर्णं एकट्या १९६४ च्या इन्सब्रुकमध्ये. त्याच्या घराण्यातच जनुकीय बदल होता, रक्तात तांबड्या पेशी भरमसाट. तसलंच रक्त दुसऱ्यानं ईपीओ, म्हणजे तांबड्या पेशी वाढवणारं औषध, टोचून केलं तर बंदी, आईच्या पोटातून आणलं तर सुवर्ण. यात न्याय कुठं आहे ते मला कुणीतरी समजावून सांगा.

मी म्हणतो, उघड करा. डॉक्टरच्या देखरेखीत, रक्त तपासून, मापात. चोरून चालतं म्हणून भेसळीचा माल येतो आणि पोरं मरतात.

भूलघर, टिळकवाडी

मी ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स आहे, त्यामुळे फक्त त्या बाटलीबद्दल बोलते.

मणक्यात भूल दिल्यावर पेशंटचा रक्तदाब धाडकन उतरतो. तेव्हा भूलतज्ज्ञ सांगतील तेवढंच हे औषध शिरेतून जातं. पेशंट आडवा, बोटाला क्लिप, दंडाला पट्टा, आम्हा चौघांचे डोळे मॉनिटरवर. आकडा कसा उसळतो ते मी रोज बघते. हेच औषध ज्याचा दाब चांगलाच आहे अशा पोरानं उन्हात, कुस्तीच्या आधी, कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसून टोचून घ्यायचं? हे अँफेटामिनच्या जातकुळीतलं आहे. छाती फुटेपर्यंत दमलोय हे त्याला कळतच नाही, म्हणून तो थांबत नाही. १९६७ च्या टूर द फ्रान्समध्ये टॉम सिम्पसन हा इंग्लिश सायकलपटू माँ व्हाँतूच्या चढावर असाच पडला आणि गेला. अंगात अँफेटामिन होतं.

मातीतले दादा, एक विचारते. ती नऊ भोकं एका पोरानं नऊ वेळा पाडलेली, की नऊ पोरांनी? सुई एकच असेल तर कावीळ आणि एचआयव्ही दोन्ही तपासून घ्या. याच आठवड्यात.

लोखंड, वडगाव

ताई, त्या इंजेक्शनची बाजू मी घेत नाही. ते वाईटच. मी स्टिरॉइडबद्दल बोलतोय, तेही डॉक्टर समोर असताना. त्याला मेहनत लागतेच. नुसतं टोचून कुणी पैलवान होत नाही.

शिट्टी, निपाणी

"मेहनत लागतेच" हे वाक्य मी प्रत्येक जिममध्ये ऐकतो. शाळेत खेळ शिकवतो, म्हणून सविस्तर लिहितो.

१९९६ मध्ये अमेरिकेत ४३ निरोगी पुरुषांवर प्रयोग झाला. १० आठवडे. काहींना दर आठवड्याला ६०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन, स्टिरॉइडच), काहींना बिनऔषधाचं इंजेक्शन. दोन्हीकडच्या अर्ध्यांनी वजनं उचलली, अर्ध्यांनी काहीच केलं नाही. औषधाविना घाम गाळणाऱ्यांचं चरबी सोडून वजन सुमारे २ किलो वाढलं. औषध घेऊन बसून राहिलेल्यांचं सुमारे ३ किलो. औषध अधिक व्यायाम, ६.१ किलो. म्हणजे खुर्चीत बसलेला माणूस घाम गाळणाऱ्याच्या पुढे गेला. याची तुलना दुधाशी करू नका. लिटरभर दूध जास्त प्यालेला पैलवान बैठका न मारता ताकदवान होत नाही, दूध पचवायलाच बैठका माराव्या लागतात. खुराक मेहनतीच्या मागं चालतो आणि स्टिरॉइड तिची जागा घेतं, माझ्यासाठी सीमा तिथं आहे. मॅन्टिरांटाचं रक्त त्याला जन्मानं मिळालं हे खरं, उंचीही जन्मानंच मिळते. जन्माचा फरक आपण खेळात मान्य करूनच उतरतो.

नॉर्वेत २०१३ मध्ये उंदरांवर दिसलं की स्टिरॉइड बंद केल्यावरही स्नायूंत वाढलेली केंद्रकं टिकून राहतात आणि पुन्हा व्यायाम दिला की ते स्नायू इतरांपेक्षा झपाट्यानं फुगतात. माणसातही तसंच असेल तर दोन वर्षं घेऊन सोडलेला पैलवान "आता स्वच्छ आहे" म्हणून मैदानात येईल तेव्हाही जोड बरोबरीची नसेल.

पण मातीतले, तुमच्याशीही माझं भांडण आहे. एकोणीस वर्षांचं पोर पाचशे जोर आणि हजार बैठका रोज मारतं, हे तुम्ही कौतुकानं लिहिलंत. त्याला विश्रांतीचा दिवस कधी असतो? सुगी संपली की यात्रांचा हंगाम, पावसाळ्यापर्यंत आठवड्याला दोन-दोन, तीन-तीन मैदानं. गुडघा सुजलेला, झोप टेम्पोत. मी पोरांच्या वह्या तपासतो तशा त्यांच्या सरावाच्या वह्या ठेवायला लावल्या, तेव्हा कळलं की निम्मी पोरं हंगामाच्या मध्यावर फेब्रुवारीपेक्षा कमी ताकदीची असतात. थकलेल्या पोराला कुणीतरी सुई दाखवतो. ती वेळ वस्तादानंच आणलेली असते.

आणि त्या पोराला माझं उत्तर सांगा. २०२२ मध्ये भारतात ३,८६५ नमुने तपासले, १२५ मध्ये बंदीचं औषध सापडलं. एवढे नमुने घेणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वांत वाईट होतं आणि मला त्याची लाज वाटते. तपासणीतून काही निसटतातही. पण "समोरचा घेतोच" हे खरं नाही. समोरचाही बहुतेक दूध पिऊनच उतरलाय.

कडोलीची

मी ज्युदो खेळते. "डॉक्टरच्या देखरेखीत" हे वाचून लिहावंसं वाटलं.

पूर्व जर्मनीत सगळं देखरेखीतच चाललं होतं. डॉक्टर, माप, नोंदी, सरकारचा शिक्का. पोरींना निळ्या गोळ्या द्यायचे, जीवनसत्त्व म्हणून. त्या ओरल-ट्युरिनाबॉल या स्टिरॉइडच्या होत्या. आवाज घोगरे झाले, अंगावर केस आले, पाळी बिघडली. २००० मध्ये बर्लिनच्या कोर्टानं तिथले क्रीडाप्रमुख मानफ्रेड एवाल्ड यांना दोषी धरलं, तेव्हा त्या पोरी तिशी-चाळिशीत होत्या. शिक्षा २२ महिन्यांची, तीही स्थगित.

मुलगा घेतो तेव्हा त्याच्या शरीरात आहे त्याचीच मात्रा वाढते. मुलीचं शरीरच बदलतं, आणि आवाज परत येत नाही. उघड परवानगी दिली तर माझ्यासमोर दोनच रस्ते उरतात, घ्या किंवा घरी बसा. याला मर्जी म्हणायचं का? तुरमुरीची मलप्रभा जाधव २०१८ च्या आशियाई स्पर्धेत कुराशचं, म्हणजे ज्युदोसारख्या कुस्तीचं, कांस्य घेऊन आली, तेव्हा आमच्या गावातल्या बापांनी पोरींना मॅटवर पाठवायला सुरुवात केली. मॅटवर गेलं की सुई टोचावी लागते असं कळलं, तर तेच बाप उद्या परत न्यायला येतील.

तवंदीकर

फौजेतून निवृत्त आहे. औषध वाईट, यात दुमत नाही. पण लघवी तपासण्याला माझा ठाम विरोध.

कायदा असा आहे की शरीरात सापडलं म्हणजे खेळाडू दोषी. कसं आलं ते सिद्ध करायचं काम त्याचं. नरसिंग यादव आठवा. तीन वेळा महाराष्ट्र केसरी, २०१६ ला रिओ ऑलिंपिकला निघालेला. मेथॅन्डिएनोन हे स्टिरॉइड सापडलं. कुणीतरी जेवणात मिसळलं असं त्याचं म्हणणं. नाडानं, म्हणजे देशातल्या औषधविरोधी संस्थेनं, मान्य केलं, वाडा या जागतिक संस्थेनं वर अपील केलं आणि कुस्तीच्या आदल्या दिवशी चार वर्षांची बंदी. त्याच्या पाठीशी वकील होते, संघटना होती, तरी हे झालं. ऊसतोड्याच्या पोराच्या पाठीशी कोण? तालमीतल्या थंडाईत खसखस असते. खसखशीतून लघवीत मॉर्फिन उतरू शकतं आणि मॉर्फिन स्पर्धेच्या दिवशी बंदीच्या यादीत आहे. यात्रा कमिटीतला दूध डेअरीचा चेअरमन हे सगळं समजून निकाल देणार काय? नमुना सील कोण करणार, फेरतपासणीची दुसरी बाटली कुठं ठेवणार? गावकीची भांडणं कशी असतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. एखाद्या वस्तादाचा काटा काढायला हे आयतं हत्यार होईल.

भरतीवाला

मी पैलवान नाही, पण लिहितो. बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र, त्यामुळे आमच्याकडं प्रत्येक गावात पहाटे रस्त्यावर पळणारी पोरं दिसतात. १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांत मारलं की ६० गुण. माझी वेळ पाच सत्तेचाळीस आहे. मागच्या महिन्यात एकानं तीच बाटली दाखवली, म्हणाला सतरा सेकंद यात आहेत. मी नको म्हटलं, पण दोन रात्री झोप लागली नाही. वयाची अट संपायला माझं एकच वर्ष उरलंय. शिट्टी सर, सतरा सेकंद कमी करायला काय करू?

शिट्टी, निपाणी

भरतीवाला, रोज तेच अंतर जीव तोडून पळतोस ना? ते थांबव. आठवड्यातून एकदा ४०० मीटरचे सहा तुकडे, प्रत्येक ८२ सेकंदांत, मध्ये दोन मिनिटं चालणं. एकदा चढावर छोट्या धावा. बाकी दिवस बोलता येईल इतक्या सावकाश, पाऊण तास. एक दिवस पूर्ण सुट्टी. तीन महिने दे. आणि पोटाला खा, उपाशी पळू नकोस.

लोखंड, वडगाव

कडोलीच्या ताई, तुमच्या मुद्द्याला माझ्याकडं उत्तर नाही.

एक गोष्ट सांगतो, इथं कधी लिहिली नव्हती. मी स्वतः तीन वर्षं घेतलं. शरीरसौष्ठवाच्या स्टेजवर उभं राहायचं होतं. डॉक्टर होता, मापही होतं. सोडल्यावर शरीरानं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बनवायचं जवळपास बंद केलं. लग्नानंतर चार वर्षं मूल नाही, आणि त्या चार वर्षांत बोलणी बायकोनं खाल्ली. तिच्यात काही दोष नव्हता. मी सगळ्यांसमोर गप्प राहिलो. ते अजून सलतं.

तरी खुराकाचं माझं म्हणणं मी मागं घेत नाही. ऊसतोड्याच्या पोराला "औषध घेऊ नको" म्हणणाऱ्यानं त्याला दूध कोण देणार हेही सांगावं.

मातीतला, खानापूर तालुका

भूलघर ताई, नऊ भोकं तीन पोरांची होती. तिघांनाही नेऊन रक्त तपासून आणलं, कावीळ नाही, एचआयव्ही नाही. तीन महिन्यांनी परत न्यायचंय.

तवंदीकर, लघवीची मागणी मी सोडतो. खसखशीचं माझ्या डोक्यात नव्हतं. आमच्याच थंडाईत मूठभर असते.

शिट्टी सर, तुमचं वाचून रात्री पोराच्या कुस्त्या मोजल्या. या हंगामात चाळीस दिवसांत तेरा. सगळ्या जोडी मीच लावल्या होत्या. "मी नुसतं दूध पिऊन उतरू काय" म्हणाला तेव्हा तो समोरच्याबद्दल बोलत होता असं मला वाटलं होतं.

रविवारी पंच मंडळींची बैठक आहे. आता तिथं तीन गोष्टी मांडणार. एका पैलवानाची आठवड्यात एकच कुस्ती. जोडी लावताना दोन्ही वस्तादांनी हलगी थांबवून, सगळ्यांसमोर, माझ्या पोराच्या अंगात औषध नाही असं म्हणायचं, आणि खोटं निघालं तर त्या वस्तादाची जोड त्या गावात परत लागणार नाही. पोराला शिक्षा नाही. आणि लोखंड, पहिल्या कुस्तीच्या इनामातला दहावा हिस्सा तालमीच्या दुधाला. बाटली रुमालात बांधून ठेवलीय, ती पंचांसमोर ठेवणार.

तवंदीकर

हनुमानासमोर शपथ घेऊन खोटं बोलणारे वस्ताद मी बघितलेत. तुमच्या दुसऱ्या मुद्द्यानं काही होणार नाही. पहिल्यासाठी आणि तिसऱ्यासाठी बैठकीला येतो. वेळ कळवा.