क्रेडिट कार्ड नाकारले म्हणजे दुकानदार लबाड ठरतो का?

धागालेखिका (चादर-टॉवेलचे दुकान, नवी पेठ, सोलापूर)

गेल्या आठवड्यात अक्कलकोटचे दर्शन आटोपून परतणारे एक कुटुंब आमच्या दुकानात आले. घरच्या लग्नात आहेर करण्यासाठी त्यांनी चादरी आणि टॉवेल निवडले, ६,००० रुपयांचे बिल झाले आणि त्यांनी व्हिसा-मास्टरकार्डसारख्या परदेशी नेटवर्कचे एक महागडे क्रेडिट कार्ड पुढे केले. ते आम्ही घेत नाही, यूपीआय किंवा डेबिट कार्ड चालेल, असे सांगताच ‘तुम्हाला व्यवहार कागदावर येऊ द्यायचा नाही’ असे म्हणून ते माल तसाच टाकून निघून गेले. हा आरोप मनाला लागला, म्हणून हा धागा.

आमच्याकडे प्रत्येक विक्रीचे बिल होते. अडचण आहे ती एमडीआरची, म्हणजे कार्डाच्या प्रत्येक व्यवहारामागे दुकानदाराच्या रकमेतून कापल्या जाणाऱ्या शुल्काची. या कार्डावर आम्हाला २ टक्के पडतात. ६,००० रुपयांवर १२० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटीचे २१ रुपये ६० पैसे, एकूण १४१ रुपये ६० पैसे. आम्ही कंपोझिशन योजनेत, म्हणजे विक्रीवर ठरावीक दराने जीएसटी भरण्याच्या लहान व्यापाऱ्यांच्या योजनेत, असल्यामुळे त्या जीएसटीची वजावट मिळत नाही. चादरीच्या किरकोळ विक्रीत आमच्या हाती जेमतेम ८ टक्के, म्हणजे या बिलावर ४८० रुपये उरतात, आणि त्यांतले जवळपास तीन दशांश ग्राहकाने कोणते कार्ड काढले एवढ्याच कारणाने निघून जातात.

रुपे या भारतीय नेटवर्कचे डेबिट कार्ड आणि बँक खात्यातून होणारे यूपीआय यांच्यावर १ जानेवारी २०२० पासून एमडीआर नाही. इतर डेबिट कार्डांवर रिझर्व्ह बँकेची मर्यादा आहे: वार्षिक उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर ०.४० टक्के, त्याहून अधिक असेल तर ०.९० टक्के. क्रेडिट कार्डावर मात्र अशी कोणतीही कमाल मर्यादा नाही. ज्या शुल्काला वरचे टोकच नाही, ते नाकारण्याचा अधिकार लहान दुकानदाराला असला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रतिसाद १: ग्राहक, जुळे सोलापूर

आपला हिशेब खरा आहे, हे मान्य करूनही मी आपल्याशी सहमत नाही. दुकानाचे भाडे, वीजबिल, नोकरांचा पगार हाही खर्चच आहे आणि तो आपण मालाच्या किमतीत धरता. पंखा लावायचा असेल तर विजेचे पैसे वेगळे द्या, असे कोणी ग्राहकाला म्हणत नाही. पैसे स्वीकारण्याचा खर्च तेवढा ग्राहकाच्या माथी का? परगावी निघालेला माणूस हॉस्पिटलसारख्या अचानक उद्भवणाऱ्या खर्चासाठी खात्यातली शिल्लक राखून ठेवतो आणि खरेदी क्रेडिट कार्डावर करतो. ही त्याची चैन नसते.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगतो. कार्ड चालत नाही, असे सरळ सांगणारे दुकानदार थोडे. ‘मशीन बंद आहे’, ‘रेंज नाही’ हीच उत्तरे अधिक वेळा मिळतात. डेबिट कार्डाच्या व्यवहारात दुकानदाराने हे शुल्क ग्राहकाकडून घेऊ नये, असे रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१७ मध्येच बँकांना बजावले आहे, तरीही आपल्याच शहरातल्या एका दुकानात माझ्या डेबिट कार्डावर २ टक्के जादा लावले गेले. असे अनुभव गाठीशी असलेल्या ग्राहकाला आपला नकारही त्याच माळेतला वाटला, तर दोष त्याच्या एकट्याचा नाही.

प्रतिसाद २: कर सल्लागार, मुरारजी पेठ

हे २ टक्के जातात कुठे, ते आधी पाहू. सर्वांत मोठा वाटा ग्राहकाला कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो. त्याला इंटरचेंज म्हणतात. उरलेल्या रकमेत नेटवर्क आणि दुकानदाराला मशीन देणारी बँक यांचे वाटे असतात. कार्ड जितके वरच्या दर्जाचे, तितका इंटरचेंज साधारणतः अधिक, कारण ग्राहकाला मिळणारे रिवॉर्ड पॉइंट आणि विमानतळावरील लाउंज यांचा खर्च बऱ्याच अंशी त्यातूनच भागवला जातो. व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या नियमांप्रमाणे त्याच नेटवर्कचे साधे क्रेडिट कार्ड घ्यायचे आणि महागडे नाकारायचे, असे दुकानदाराला सहसा करता येत नाही. घ्यायची तर सगळी घ्यावी लागतात. अमेरिकन एक्सप्रेसची रचना आणखी वेगळी आहे, कारण तिथे कार्ड देणारी संस्था आणि नेटवर्क बहुधा एकच असते. म्हणून ‘हे चालते, ते चालत नाही’ ही विभागणी नेटवर्कनुसार झालेली दिसते आणि ग्राहकाला ती मनमानी वाटते.

नियमित जीएसटी भरणाऱ्यांची अडचण वेगळी आहे. शुल्कावरच्या जीएसटीची वजावट त्यांना मिळते, पण मूळ शुल्क पूर्ण बिलावर लागते, म्हणजे सरकारसाठी गोळा केलेल्या करावरही ते दुकानदारच भरतो.

नकार देणे ही केवळ लहान दुकानांची सवय नाही. वॉलमार्टने २०१६ मध्ये कॅनडातील काही दुकानांत व्हिसा कार्डे घेणे बंद केले आणि पुढच्या वर्षाच्या आरंभी समझोता झाल्यावर पुन्हा सुरू केले. ब्रिटनमध्ये दिलेली व्हिसा क्रेडिट कार्डे जानेवारी २०२२ पासून घेणार नाही, असे ॲमेझॉनने जाहीर केले आणि ऐन वेळी निर्णय थांबवला. त्यांचा नकार म्हणजे वाटाघाटीचे हत्यार होते. नवी पेठेतल्या दुकानाने कार्ड नाकारले तर कोणतेही नेटवर्क बोलणी करायला येणार नाही. म्हणून मार्ग कायद्याचाच आहे. युरोपीय संघाने २०१५ मध्ये ग्राहकांच्या कार्डांवरील इंटरचेंजला डेबिटसाठी ०.२ टक्के आणि क्रेडिटसाठी ०.३ टक्के अशी मर्यादा घातली. आपल्याकडे क्रेडिट कार्डासाठी तसे का होऊ नये?

प्रतिसाद ३: साड्यांचे दुकान, चाटी गल्ली

मी सगळी कार्डे घेतो. लग्नाचा बस्ता बांधायला आलेले घर ४०,००० रुपयांचा कपडा घेते आणि पूर्वी त्यातला निम्मा उधारीवर जायचा. ती उधारी दिवाळीपर्यंत लांबायची, वसुलीसाठी माणूस पाठवावा लागायचा आणि काही रक्कम बुडायचीच. आज कार्ड घासले की दुसऱ्या कामाच्या दिवशी पैसे खात्यात येतात आणि ग्राहक पुढे हप्ता चुकवतो की व्याज भरतो, ही बँकेची काळजी असते. त्या निश्चिंतीसाठी २ टक्के मला महाग वाटत नाहीत. धागालेखिकाबाईंनी वाचवलेल्या १४१ रुपयांसाठी ४८० रुपयांचा नफा दारातून परत गेला, हेही हिशेबात धरावे.

धागालेखिका

दादा, त्या दिवशी नुकसान आमचेच झाले, हे खरे. परंतु आमच्याकडे उधारी जवळजवळ नाही. तीन-चारशे रुपयांच्या टॉवेलसाठी उधारी कोण मागणार? जी जोखीम आम्ही कधी घेतलीच नाही, ती टळल्याची किंमत आम्ही का मोजावी? साडीच्या नफ्यातून हे शुल्क निघत असेल, चादरीच्या नफ्यातून निघत नाही.

जुळे सोलापूरचे दादा म्हणतात तसा हा खर्च किमतीत मिसळता येईल. पण मग तो कोण भरेल, याचा विचार करा. पूर्व भागातून आमच्याकडे येणारी विडी कामगार बाई रोख नोटा मोजून टॉवेल घेते. तिच्याकडे क्रेडिट कार्ड नाही. सर्वांच्या किमती वाढवल्या, तर दुसऱ्या कोणाच्या रिवॉर्ड पॉइंटसाठी तिच्या कमाईतले चार-पाच रुपये जातील. पंखा तिच्याही डोक्यावर फिरतो. या कार्डाचा मात्र तिला काहीच उपयोग नाही. भाडे आणि वीजबिल यांच्याशी तुलना मला पटत नाही ती याच कारणाने.

प्रतिसाद ४: शेंगा चटणीचे दुकान, बाळीवेस

क्यूआरचाही विषय निघावा. २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येते. लहान व्यापाऱ्याला २,००० रुपयांपर्यंत त्यावर शुल्क नाही, त्यापुढे ते लागू होते. आमची बिले दोन-तीनशेची असल्यामुळे झळ बसत नाही. ज्यांनी व्यापारी खात्याऐवजी वैयक्तिक क्यूआर लावला आहे, त्यांच्याकडे असे पेमेंट होतच नाही आणि ग्राहकाला वाटते की दुकानदाराने अडवले.

प्रतिसाद १ (पुन्हा)

विडी कामगार बाईचा मुद्दा माझ्या मनात आला नव्हता आणि त्यावर माझ्याजवळ समाधानकारक उत्तर नाही. तथापि करचुकवेगिरीची शंका ग्राहकांच्या मनात उगाच येत नाही, हे माझे म्हणणे कायम आहे. लहान व्यापाऱ्यांसाठी आयकराच्या अनुमानित करयोजनेत रोख विक्रीवर ८ टक्के नफा धरतात आणि डिजिटल जमेवर ६ टक्केच. ही सवलत असूनही काही ठिकाणी रोखीचाच आग्रह होतो तेव्हा प्रश्न पडणारच. आपण यूपीआय आणि डेबिट घेता, म्हणजे आपल्याबाबत ती शंका अन्यायाची होती. पण त्या कुटुंबाला हे माल निवडण्यापूर्वी समजले होते का?

धागालेखिका

नव्हते. पाटी गल्ल्यामागे होती आणि तिच्यावर ‘कार्ड स्वीकारले जाईल’ एवढेच लिहिले होते. ही चूक आमची. आज ती पाटी काढून दाराशी नवी लावली आहे: ‘यूपीआय आणि सर्व डेबिट कार्डे चालतील, क्रेडिट कार्ड फक्त रुपे.’ बाकीच्या क्रेडिट कार्डांना नकार कायम आहे.

प्रतिसाद ३ (पुन्हा)

पाटी योग्य आहे, नकार मला अजूनही पटत नाही. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला बाहेरगावचे लोक येतील तेव्हा त्या पाटीपाशी किती जण थबकतात, ते मोजून इथेच लिहा. माझ्या दुकानातला कार्डावरच्या विक्रीचा आकडा मीही लिहीन.