शाळेत पोरं सात, गावात साठीवरची शहाऐंशी. रिकाम्या खोलीचं काय करावं?

टपालमामा (खानापूर तालुका, बेळगाव)

नमस्कार मंडळी. गावाचं नाव घालत नाही. जांबोटीच्या पुढं, कणकुंबीच्या अंगाला आहे, एवढं पुरे. एकतीस वर्षं मी आमच्या ब्रँच पोस्टात होतो. पासष्टी भरली, चावी दिली, आता घरीच. संध्या सुरक्षाची, म्हणजे राज्याची म्हाताऱ्यांची पेन्शन २००७ ला ४०० रुपयांनी सुरू झाली तेव्हा मनी ऑर्डरनं यायची नि वाटणारा मीच. आता १२०० झाली, पण खात्यावर जाते. त्यामुळं कोण जिवंत आहे, कोण पुण्याला पोराकडं गेलंय, कुणाच्या दाराला कुलूप आहे, हे पंचायतीच्या वहीपेक्षा मला जास्त ठाऊक.

मे महिन्यात रिकामाच होतो, म्हणून दारोदार फिरून मोजलं. घरं ११४. त्यांतल्या ३८ घरांना कुलूप, गणपतीला आणि शिमग्याला उघडतात तेवढीच. उरलेल्या ७६ घरांत साठीवरची ८६ माणसं. २३ घरांत एकटी म्हातारी, नाहीतर नवरा-बायको दोघंच, तिसरं कोणी नाही. आणि मराठी शाळेत पहिली ते पाचवी मिळून पोरं सात.

शाळेला तीन खोल्या. एकीत वर्ग, एकीत जेवणाची भांडी, तिसरी बंद. तिच्या बाहेरच्या भिंतीवर चुना उडालाय तिथं अजून लाल त्रिकोण दिसतो. कुटुंब नियोजनाचा. मी चड्डीत होतो तेव्हा रंगवलेला. दुपारी चार म्हातारे त्याच्याखाली सावलीला बसतात.

ती खोली म्हाताऱ्यांना दिवसा बसायला, बीपी-साखर बघायला, दुपारचा घास चौघांत खायला मिळंल काय? अर्ज कुणाकडं करायचा तेवढं सांगा. पंचायतीत विचारलं तर म्हणाले, लहान पोरांच्या 'कूसिन मने'ला (पाळणाघराला) पैसा आहे, म्हाताऱ्यांसाठी हेडच (खर्चाचं खातंच) नाही. हेड नाही म्हणजे काय ते पोस्टातल्या माणसाला सांगायला नको.

आणि एक. आमच्या वाड्यातल्या एका आक्कांचं रेशन कार्ड बीपीएलचं एपीएल झालं. पोरगा पुण्यात, गाडीच्या कर्जासाठी रिटर्न भरला, आणि नाव अजून आईच्या कार्डावर. कार्ड म्हणतंय घरात कमावता माणूस आहे. चुलीपुढं बघावं तर आक्का एकट्या. याला काय करायचं?

निवृत्त गुरुजी

टपालमामा, खोली जरूर मागा, पण अर्जात 'शाळा ओस पडली' असा शब्द चुकूनही घालू नका. तो कागद फिरून शाळा बंद करायच्याच फायलीला लागेल.

१९४९ साली प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत ठरलं होतं की एखाद्या भाषेची पोरं वर्गात १० किंवा शाळेत ४० असली तर त्या भाषेचा शिक्षक द्यायचा. नंतर घटनेत ३५०-अ कलम आलं. आमच्या पिढीनं हा आकडा घेऊन मोर्चे काढले, निवेदनं दिली. तेव्हा पोरांचा तोटा नव्हता, शिक्षकांचा होता. आता पोरंच नाहीत, तर तोच आकडा आपल्यावर उलटतो. २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत कर्नाटकात बाईमागं सरासरी १.७ मुलं निघाली. लोकसंख्या आहे तिथं टिकायला २.१ लागतात. म्हणजे कन्नड शाळांनाही हेच भोगायचं आहे. भाषेचा प्रश्न बाजूला ठेवा असं मी म्हणत नाही, माझं उभं आयुष्य त्यात गेलंय. पण सकाळी इंग्लिश मीडियमची व्हॅन येते ती दोन्हीकडची पोरं भरून नेते.

दुसरं वयाचं. २०११ च्या जनगणनेला मी मोजणीला होतो. म्हाताऱ्यांना वय विचारलं की एकच उत्तर, "लिवा की साठ." मग मी विचारायचो, कोयनेचा भूकंप झाला त्या साली लग्न झालेलं काय? बहात्तरच्या दुष्काळात पदरात पोरं किती? असं करत साठवाली आजी बहात्तरची निघायची. आधारवर तर निम्म्या गावाचा जन्म १ जानेवारीचा, उरलेल्यांचा शाळेतल्या दाखल्याप्रमाणं १ जूनचा. संध्या सुरक्षाला ६५ लागतात. वय दोन वर्षं कमी पडलं की २८,८०० रुपये गेले. तुमच्या ८६ जणांत असे किती आहेत ते आधी बघा. खोलीपेक्षा ते लवकर मिळेल.

उचगावची वहिनी

मामा, मी पंचायतीत एक टर्म काढली आहे, त्यावरून सांगते.

इमारत शिक्षण खात्याची. पंचायतीनं हो म्हटलं तरी भागत नाही. पहिल्यांदा शाळेच्या एसडीएमसीचा, म्हणजे शाळा समितीचा ठराव घ्या. (सात पोरांचे पालक म्हणजे समितीला माणसं पुरतात काय तेही बघा.) मग ग्रामसभेत ठराव, आणि दोन्हीच्या प्रती जोडून बीईओ (तालुक्याचे शिक्षणाधिकारी) ऑफिसला अर्ज. 'खोली द्या' लिहू नका, 'वापरायला परवानगी द्या' लिहा. पोच घेतल्याशिवाय तिथनं हलायचं नाही.

जेवणाचं म्हणाल तर अक्षर दासोहाच्या (पोरांच्या दुपारच्या जेवणाच्या) तांदळाला हात लावू नका. एक वाटी जरी म्हाताऱ्यांना गेली तरी हेडबाईंची नोकरी अडचणीत येईल. तुमची चूल वेगळी, भांडी वेगळी, हिशेबाची वही वेगळी. बीपी-साखरेला मात्र नवं काही नको, तिशीवरच्या सगळ्यांची तपासणी उपकेंद्राचं कामच आहे. नर्सबाईंना ठरलेला वार मागा. बाईंना घरोघर चढ चढण्यापेक्षा एका खोलीत पंचवीस माणसं बसलेली मिळाली तर हवीच आहेत.

आक्कांच्या कार्डाचं: पोराला त्याचं नाव कमी करून घ्यायला सांगा. तो जिथं राहतो तिथं त्याचं वेगळं कार्ड होऊ दे. मग आक्कांच्या एकटीच्या नावानं नाडकचेरीतनं (महसुलाच्या कचेरीतनं) उत्पन्नाचा दाखला काढा. पोरगा टाळाटाळ करत असला तर ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७ आहे. २००७ च्या कायद्यानं आई-वडलांना पोटगीही मागता येते, प्रांतांकडं. पण आक्का ते करायच्या नाहीत, मला माहीत आहे. कुठलीच आई करत नाही.

एक मात्र बोलते, रागवू नका. आमच्याकडं रताळ्याच्या काढणीला शेतात कोण असतं? पासष्टीच्या बायकाच. माझी सासू एकाहत्तरची, अजून पोतं शिवते. तुमच्या खोलीत दिवसभर बसणार कोण? म्हातारपण म्हणजे आराम हे सरकारी कागदावर. भात लावणी आटपली की सुरू करा, नाहीतर पहिल्याच आठवड्यात खोली रिकामी राहील आणि साहेब म्हणतील, गरजच नव्हती.

बेंगळूरवासी

हा प्रश्न एका गावाचा नाही. पंधराव्या वित्त आयोगानं १९७१ ऐवजी २०११ ची लोकसंख्या धरली. त्यानं आणि उत्पन्नाच्या निकषानं केंद्रीय करांतला कर्नाटकाचा वाटा २०२१-२६ साठी ४.७१ टक्क्यांवरून ३.६५ वर आला. लोकसभेच्या जागांचं राज्याराज्यांतलं वाटप अजून १९७१ वर गोठवलेलं आहे, ते सुटलं की पुन्हा तेच. ज्या राज्यांनी लाल त्रिकोण मनावर घेतला त्यांनाच भुर्दंड. केंद्राचं वृद्धाप्य पेन्शन बघा, ऐंशीच्या आतल्यांना महिना २०० रुपये, २००७ पासून तेवढेच. वरचं सगळं राज्यानं घालायचं, आणि म्हातारी माणसं तर वाढतच जाणार.

टपालमामा

साहेब, तुमचं खरं असणार. पण २०० रुपयांत आमच्याकडनं खानापूरला दवाखान्याला जाऊन चहा पिऊन यायला होतं, ते पण औषध नको असलं तर. दिल्लीचं दिल्लीत बघा, माझ्या खोलीचे कौल बघायला कोण येतंय ते सांगा.

वहिनी, रताळ्याचं पटलं. मी पुरुषमाणसाच्या हिशेबानं मोजत होतो. बसणारे चारही पुरुषच.

घाटाखालचा

मामा, त्या ३८ कुलपांतलं एक माझं समजा. म्हापशाला बेकरीत आहे, चौदा वर्षं झाली. मत गावात, रेशन गावात, आईही गावात. वरच्या आक्कांचं वाचून मी आजच तिच्या कार्डावरचं नाव बघायला सांगितलं.

गुरुजींना एक विचारायचं होतं. २०२७ च्या फेब्रुवारीत माणसांची मोजणी आहे म्हणतात. मी नि बायको-पोरं गावात मोजून घ्यायचं काय गोव्यात?

निवृत्त गुरुजी

एरवी जिथं राहता, तिथं. म्हणजे गोव्यात.

मला कळतंय तुम्ही का विचारता ते. तालुक्यात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांवर असले तर सरकारी नियम-सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात असा दंडक आहे. मातृभाषेच्या रकान्यात मराठी लिहा म्हणून आम्ही गावोगाव सांगत फिरलो. खानापूरला आज त्या आकड्याची धास्ती नाही. पण तुमच्यासारखी घरंच्या घरं गोव्याच्या खात्यात गेली तर आमचं माणूस उतरणार, हे दिसतंय. आणि खोटं गावात मोजून घेतलंत तर कागदावर गाव तरणं दिसेल. मग म्हाताऱ्यांसाठी हेड उघडा म्हणून मामा कुठल्या तोंडानं सांगतील? मोजणीवाला म्हणून माझं उत्तर गोवा. मोर्चेवाला म्हणून विचारलंत तर मला रात्रभर झोप लागायची नाही.

टपालमामा

चार दिवसांनी लिहितोय, पाऊस सुरू झाला, नेटवर्क नव्हतं.

गुरुजींनी सांगितलं तसं आधी वय बघितलं. नऊ जण सापडले, ज्यांचं आधारवरचं वय धाकटं आहे. एक तर माझ्याबरोबर पहिलीत होता आणि कागदावर माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान! शाळेच्या जुन्या रजिस्टरात त्याचं नाव मिळालं, हेडबाई उतारा देतो म्हणाल्या. बाकीच्या आठांत सहा बायका, त्यांनी शाळेचं तोंड बघितलेलं नाही. त्यांच्यासाठी काय पुरावा चालतो ते वहिनी, तेवढं विचारून सांगा.

नर्सबाईंनी गुरुवार दिला. खोली मिळेपर्यंत देवळात. एसडीएमसीचा ठराव कन्नडात लिहायचा होता, तो शेजारच्या गावच्या कन्नड शाळेतल्या मास्तरांनी चहावर लिहून दिला. त्यांच्याकडंही पोरं अकराच उरलीत, आमचा ठराव लिहिताना त्यांनी आपल्यासाठी एक नक्कल काढून ठेवली.

खोली अजून उघडलेली नाही. किल्ली चार वर्षांपूर्वी बदलून गेलेल्या मास्तरांकडं आहे, हुक्केरी तालुक्यात. कुलूप तोडूया म्हणाले सगळे, मी नको म्हटलं, सरकारी कुलूप आहे. बुधवारी मीच जाऊन आणतो. मंडळी पण येतो म्हणते. बायकांना सरकारी बस फुकट, म्हणून तिला तिकीट नाही, भुर्दंड माझाच.