'व्हेरिएशन'ला काय म्हणाल? (जीवाश्म पानांच्या संदर्भात)

पानगळ: जीवाश्म वनस्पतींवरचा एक लेख मराठीत आणतेय. पान दबून कोळसा झालं तरी वरची उपत्वचा (क्युटिकल, पानावरचा मेणचट पापुद्रा) टिकू शकते. नायट्रिक आम्ल-पोटॅशियम क्लोरेटमध्ये आणि मग अल्कलीत ती मोकळी केली की सूक्ष्मदर्शकाखाली पेशींचे ठसे, पर्णरंध्रं दिसतात. एकाच झाडाच्या उन्हातल्या नि सावलीतल्या पानांत हे ठसे सारखे नसतात. या 'व्हेरिएशन'ला मी 'विविधता' लिहिलं. तपासणाऱ्यांनी 'प्रकार' केलंय. दोन्ही खटकतंय.

अनुस्वार: विविधतेला अनेक गोष्टी लागतात, इथे झाड एकच. 'तफावत' लिहा.

जुना खडू: तफावत हिशेबात निघते. शास्त्रात अरबी शब्द कशाला? 'विचरण' आहे की.

अनुस्वार: विचरण म्हणजे हिंडणं. पान हिंडतंय का? आणि 'हिशेब'ही अरबीच, तो बरा चालला तुम्हाला.

शेवाळ: एका शब्दात भागणार नाही. सावलीतल्या पानाच्या पेशीभित्ती जास्त नागमोडी होतात, तो 'फरक'. सायकॅड आणि बेनेटाइटेलीझ (बीजधारी वनस्पतींचे दोन गट, दुसरा आता नामशेष) यांची पानं मात्र वरून जुळ्या भावंडांसारखी. १९१३ साली थॉमस आणि बँक्रॉफ्ट या वनस्पतिशास्त्रज्ञांनी ती उपत्वचेवरून वेगळी काढली. रंध्राच्या रक्षक पेशी आणि शेजारच्या पेशी यांची मांडणीच निराळी, तो 'भेद'. फरकावरून नवी प्रजाती केलीत तर फसाल. भेदावरून आख्खा गट वेगळा होतो.

पानगळ: हे आवडलं. पण 'नवी प्रजाती' म्हणजे? माझ्या मसुद्यात प्रजाती म्हणजे जीनस (वरचा गट) आणि जाती म्हणजे स्पीशीज (त्याच्या आतली पायरी).

शेवाळ: मला स्पीशीज म्हणायचं होतं. सगळे तसंच लिहितात.

जुना खडू: सगळे चुकतात! मराठी विश्वकोशात जीनसला प्रजाती आहे. उलटा अर्थ हिंदीतून आलाय. 'प्र' लागला की वरची पायरी: पितामह, प्रपितामह.

मृदुला: आणि शाखा-प्रशाखा? शिष्य-प्रशिष्य? तिथे 'प्र' खालीच उतरतो की.

जुना खडू: ते अपवाद.

मृदुला: दोन अपवाद, एक उदाहरण. छान नियम आहे.

अनुस्वार: जीनसला 'वंश' घ्या, हिंदीत तेच आहे.

जुना खडू: म्हणजे पुन्हा हिंदीच! टिलोफायलम (एक जीवाश्म पान) ही प्रजाती, टिलोफायलम कचेन्सी ही जाती. इतकं सरळ आहे.

शेवाळ: वाचणाऱ्याला 'जाती' म्हटल्यावर भलतंच आठवतं, त्याचं काय? मी तर स्पीशीजच लिहिणार.